हुकुमाविना चालणारी समिती

स्मृतिव्याख्यानात एखाद्या थोर व्यक्तीच्या कार्याचा वेध घ्यावा, असा आपल्याकडचा प्रघात आहे. आज मी तो मोडतो आहे, कारण माझा विषय एक समिती आहे. समिती म्हटल्यावर सभागृहात काय भावना उमटते याची मला कल्पना आहे. संमेलनाच्या, उत्सवाच्या, सोसायटीच्या समित्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि एखादा अडचणीचा प्रश्न थंड पडावा म्हणून सरकारने नेमलेल्याही पाहिल्या आहेत. मी जिच्याविषयी बोलणार आहे ती समिती १९८३ पासून चालू आहे. तिच्या सभासदांना समितीकडून एक पैसाही मिळत नाही, तिच्यामागे कायद्याचे बळ नाही, आणि तिचे नाव डॉक्टरांच्या घरातसुद्धा फारसे कोणाला ठाऊक नसते. तरीही सोलापुरात काढलेल्या सीटी स्कॅनची सीडी पुण्यातल्या डॉक्टरांच्या संगणकात घातली की उघडते. स्कॅन काढणारे यंत्र एका कंपनीचे असते, संगणकातली प्रणाली दुसऱ्या कंपनीची असते, आणि ती उघडते याचे आपल्याला काही नवलही वाटत नाही. त्या सीडीवरच्या प्रत्येक प्रतिमेच्या फाइलमध्ये आरंभी १२८ बाइट्सची मोकळी जागा असते आणि तिच्यामागे डी, आय, सी, एम ही चार रोमन अक्षरे. डायकॉम या मानकाची ती खूण. हे मानक लिहिणाऱ्या बिनपगारी माणसांचा अधिकार नेमका कुठून येतो, हा माझा आजचा प्रश्न आहे.

नेहमीचे उत्तर असे की ही माणसे तज्ज्ञ आहेत म्हणून जग त्यांचे ऐकते. हे उत्तर मला अपुरे वाटते. तज्ज्ञांच्या समित्यांनी लिहिलेली आणि कोणीही न पाळलेली मानके ढिगाने सापडतात. माझे म्हणणे असे आहे की या समितीचा अधिकार तिने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांतून आला. जुने मोडायचे नाही, कोणाला स्पर्धेतून बाद करायचे नाही, लिहिलेले लपवून ठेवायचे नाही, आणि तपासनीस व्हायचे नाही. ही बंधने महाग आहेत, त्यांची किंमत रुग्णांनाही काही वेळा मोजावी लागली आहे, आणि ते मी पुढे लपवणार नाही. पण ती घातली नसती तर आज मानकच नसते, असे उपलब्ध इतिहासावरून दिसते.

हा इतिहास सीटी स्कॅनपासून सुरू होतो. लंडनमधल्या विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. यंत्र ईएमआय कंपनीच्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे होते. १९७९ चे नोबेल त्यांना आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना विभागून मिळाले. ती प्रतिमा ८० गुणिले ८० चौकटींची होती, म्हणजे आजच्या फोनवरच्या छोट्या चिन्हासारखी. पण क्ष-किरणांच्या चित्रणात एक मूलभूत बदल तिने केला होता. तोवर प्रतिमा ही फिल्म होती. फिल्म कोणत्याही कारखान्याची असो, उजेडासमोर धरली की कोणत्याही डॉक्टरला वाचता येत असे. आता प्रतिमा ही आकड्यांची रांग झाली, आणि ती रांग कशी वाचायची हे फक्त यंत्र बनवणाऱ्यालाच ठाऊक. पुढच्या दहा वर्षांत सीटीच्या जोडीला एमआरआय आला, अल्ट्रासाउंड आणि न्यूक्लिअर मेडिसिनही संगणकावर आले. प्रत्येक कंपनीने आपापली मांडणी ठरवली. एका कंपनीचे यंत्र घेतले की पडदाही तिचाच, साठवणही तिचीच, आणि पाच वर्षांनी दुसरे यंत्र घ्यायचे तर आधीच्या रुग्णांच्या प्रतिमा अडकलेल्या. अडचणीतून काढलेली वाट मोठी मासलेवाईक होती: संगणकातली प्रतिमा पुन्हा फिल्मवर छापायची आणि ती फिल्म दुसऱ्या विभागात पाठवायची.

यावर १९८३ मध्ये दोन संघटनांनी संयुक्त समिती बसवली. एक अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी. नावात कॉलेज असले तरी ती शिकवणारी संस्था नव्हे, रेडिऑलॉजिस्टांची व्यावसायिक संघटना आहे. दुसरी नॅशनल इलेक्ट्रिकल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, म्हणजे यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांची. या समितीचे पहिले मानक १९८५ मध्ये आले आणि खरे सांगायचे तर ते चालले नाही. त्यात ५० पिनांचा एक प्लग ठरवला होता. एका यंत्रातून वायर काढायची, दुसऱ्यात खोचायची, एका वेळी १६ बिट पाठवायचे. त्या काळात रुग्णालयात संगणकांचे जाळे अजून रुळलेले नव्हते, म्हणून ही कल्पना वेडगळ म्हणता येणार नाही. पण इथरनेट आले आणि प्लग जुनापुराणा झाला. १९८८ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तीही त्याच प्लगवर. दरम्यान सीमेन्स आणि फिलिप्स यांनी याच मानकाच्या पायावर आपापसात वेगळी व्यवस्था उभारली. पहिल्या प्रयत्नात चुकलेली समिती इथेच संपायला हवी होती. ती टिकली याचे कारण प्लगच्या मागे दडलेला एक कोश होता. प्रत्येक माहितीला क्रमांकांची एक जोडी नेमून दिलेली: रुग्णाचे नाव ००१०,००१०, आणि असेच जन्मतारीख, तपासणीची तारीख, चौकटींची संख्या. १९९३ मध्ये समितीने प्लग मागे टाकला, टीसीपी-आयपी या जाळ्याच्या भाषेवर मानक नव्याने उभारले, त्याला डायकॉम हे नाव दिले, पण कोश तसाच ठेवला. रुग्णाच्या नावाचा क्रमांक आजही ००१०,००१० आहे. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, रेडिऑलॉजिकल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिकाच्या शिकागोच्या वार्षिक मेळाव्यात नव्या पद्धतीचे प्रात्यक्षिक झाले होते, आणि एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्यांची यंत्रे तिथे एकमेकांशी बोलली होती.

स्पर्धक कंपन्या या टेबलाशी आल्या तरी कशा, हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण परोपकार हे त्याचे उत्तर नाही. कोशाच्या रचनेतच एक युक्ती आहे. क्रमांकांच्या जोडीतला पहिला आकडा सम असेल तर ती माहिती मानकाची, सर्वांची. तो विषम असेल तर ती कंपनीची खाजगी जागा. तिथे कंपनीने हवे ते लिहावे, इतरांनी ते न समजता पुढे न्यावे. जुन्या वाड्यात अंगण आणि विहीर सामाईक असे आणि बिऱ्हाडे आपापली. तसाच हा हिशेब आहे. समितीने कंपन्यांना आपले गुपित सोडा म्हटले नाही. सामाईक काय ते ठरवू, बाकीचे तुमच्याकडे ठेवा, एवढेच म्हटले. ज्या कंपनीकडे बाजाराचा मोठा वाटा होता तिला मानक नकोसे वाटणे स्वाभाविक होते, कारण अडकलेला ग्राहक हा तिचा फायदा होता. तिला खाजगी जागा मिळाली म्हणून ती आली. आणि एकदा आल्यावर प्रत्येक नव्या मसुद्याच्या वेळी हे सम घरात जावे की विषम, हा वाद तिला इतरांसमोर उघडपणे घालावा लागला.

दुसरे बंधन म्हणजे जुने न मोडण्याचे. तुमच्या फोनमधल्या प्रणालीला दर वर्षी नवी आवृत्ती येते आणि जुन्या फोनवर काही गोष्टी चालेनाशा होतात. डायकॉमला १९९३ नंतर चौथी आवृत्ती आलीच नाही. मानकात वर्षातून अनेकदा भर पडते, आणि वर्षापुढे अक्षर लावून नवे संकलन प्रसिद्ध होते, पण ती सगळी भर आधीच्या मजकुराला धरून. एखादा घटक कालबाह्य झाला तर तो खोडत नाहीत. त्यापुढे ‘निवृत्त’ असा शेरा मारतात आणि त्याचा क्रमांक पुन्हा कोणालाही देत नाहीत. मानकाच्या खंडांची यादी पाहिली तर नववा आणि तेरावा खंड निवृत्त दिसतात. नवव्यात त्या ५० पिनांच्या प्लगचा संसार होता. त्या जागी दुसरे काही न बसवता पुढचे खंड पुढच्या क्रमांकांनी चालू राहिले. बाहेरून पाहणाऱ्या अभियंत्याला हे अडगळीचे घर वाटते, आणि तसे ते आहेच. नव्याने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला चाळीस वर्षांच्या सवयी शिकाव्या लागतात. पण वैद्यकात जुन्या प्रतिमेचे मोल वेगळे असते. फुप्फुसातला डाग नवा आहे की आठ वर्षांपासून तसाच आहे, यावर सुई घालायची की नाही हे ठरते. आठ वर्षांपूर्वीची फाइल उघडलीच नाही तर कितीही देखणे नवे मानक त्या रुग्णाच्या कामाचे नाही. संगणकाच्या जगात सफाईला जे महत्त्व आहे ते इथे समितीने जाणून नाकारले, आणि माझ्या मते तिच्या सर्व निर्णयांत हा सर्वांत शहाणपणाचा होता.

या समितीचे काम केवळ कोश भरण्याचे आहे, कारकुनी आहे, असा समज होऊ नये म्हणून मानकाच्या चौदाव्या खंडाकडे थोडा वेळ पाहू. फिल्म गेली आणि पडदे आले तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. तीच प्रतिमा रेडिऑलॉजिस्टच्या महागड्या पडद्यावर एक दिसते आणि वॉर्डातल्या साध्या पडद्यावर दुसरी. फाइल एकच, आकडे तेच, पण फिकट करड्यातला एक हलका ठिपका एकीकडे उठून दिसतो आणि दुसरीकडे विरून जातो. सरळ उपाय असा सुचतो की प्रत्येक आकड्याला पडद्याच्या प्रकाशाची समान पायरी नेमून द्यावी. समितीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी तो उपाय टाकला, कारण डोळा प्रकाश असा मोजत नाही. अंधाऱ्या भागात प्रकाशाचा किंचित फरकही डोळ्याला कळतो, उजळ भागात तेवढाच फरक कळत नाही. म्हणून त्यांनी माणसाच्या दृष्टीवर झालेल्या संशोधनाचा आधार घेतला, त्यातल्या बार्टेन यांच्या प्रतिरूपावरून हिशेब केला, आणि डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढा फरक हेच मोजमापाचे एकक मानले. ०.०५ पासून सुमारे ४००० कॅन्डेला प्रति चौरस मीटर एवढ्या प्रकाशाच्या पट्ट्यात अशा १०२३ पायऱ्या बसतात. पडदा स्वस्त असो की महाग, त्याच्या आवाक्यात येतील तेवढ्या पायऱ्या त्याने डोळ्याला समान वाटतील अशा दाखवाव्यात, हा नियम झाला. पडद्याच्या प्रकाशाचा पट्टा मोठा तर पायऱ्या जास्त, पण चाल तीच. यात एकाही कंपनीला आपला पडदा बदलावा लागला नाही, फक्त त्याची जुळणी करावी लागली. हे काम विद्यापीठातल्या एखाद्या प्रयोगशाळेत झाले असते तर त्याचा शोधनिबंध झाला असता आणि तिथेच थांबला असता. समितीत ते झाले म्हणून निदानासाठी पडदा विकताना या जुळणीविषयी आज विचारले जाते.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: यांना स्वयंसेवक कशाला म्हणायचे? कंपनीच्या अभियंत्याला कंपनी पगार देते, विमानाचे तिकीट देते, आणि तो कंपनीचे हित जपतो. हा कंपन्यांचा क्लब आहे, डॉक्टर त्यात शोभेला. या आक्षेपातले तथ्य मान्य केले पाहिजे, आणि त्याला पुरावाही आहे. एमआरआयमध्ये डिफ्यूजन नावाची तपासणी असते. मेंदूतल्या पाण्याच्या हालचालीवरून पक्षाघात लवकर ओळखण्यासाठी ती अमूल्य आहे. त्या तपासणीत चुंबकीय क्षेत्रातल्या चढउताराचा (ग्रेडियंटचा) जोर आणि दिशा काय होती, ही माहिती वर्षानुवर्षे कंपन्यांच्या विषम क्रमांकांच्या खाजगी जागेत राहिली. समितीने २००२ मध्ये एमआरआयसाठी नवी, विस्तृत रचना मंजूर केली, तीत या माहितीला सम क्रमांक दिले. पण कंपन्यांनी ती रचना आपल्या यंत्रांत आणायला दशकभरापेक्षा जास्त वेळ घेतला, आणि संशोधकांना प्रत्येक कंपनीची खाजगी जागा उलगडत बसावे लागले. म्हणजे टेबलावर हो म्हणायचे आणि कारखान्यात काही करायचे नाही, हेही झाले. तरी यातून समिती कंपन्यांच्या खिशात होती असा निष्कर्ष मी काढत नाही. तिच्या मसुद्यात माहिती सर्वांची झाली होती. अडले ते खरेदीपाशी. यंत्र विकत घेणाऱ्या रुग्णालयांनी नवी रचना मागितली नाही, म्हणून कंपन्यांनी दिली नाही. आणि हितसंबंध असलेली माणसे टेबलाशी असणे मला तितके खुपत नाही. त्यांच्या नावाशेजारी कंपनीचे नाव लिहिलेले असते. निःपक्षपातीपणाचा आव आणणाऱ्या तज्ज्ञापेक्षा, मी अमुक कंपनीकडून आलो आहे असे उघड सांगून बसणारा माणूस परवडला. त्याचा युक्तिवाद कुठून येतो हे समोरच्या स्पर्धकाला पुरते ठाऊक असते, आणि तो स्पर्धकच त्याच्यावरचा सर्वांत कडक पहारा असतो.

दुसरा आक्षेप संथपणाचा. नवा विषय घ्यायचा तर आधी त्याला मुख्य समितीची परवानगी लागते. मग त्या विषयाचा कार्यगट मसुदा करतो. असे तिसावर कार्यगट आहेत. हृदयाचा वेगळा, स्तनांच्या तपासणीचा वेगळा, दंतवैद्यकाचा वेगळा, जनावरांच्या डॉक्टरांचाही वेगळा. मग मूळ मानक सांभाळणारा सहावा कार्यगट मसुदा ओळीओळीने वाचतो. मग तो सर्वांच्या टिपणीसाठी खुला होतो, मग मतदान, मग अंतिम मजकूर. यात वर्षे जातात. परंतु संथपणाचा दोष देताना वेळ नेमका कुठे गेला ते पाहावे. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक इशारा दिला. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात मेंदूच्या विशिष्ट सीटी तपासणीत १८ महिन्यांच्या काळात २०६ रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट किरणोत्सर्ग मिळाला होता. काहींचे केस गळाले, काहींच्या त्वचेवर लाली आली. सीटीमध्ये दिलेला किरणोत्सर्ग संगणकाला वाचता येईल अशा अहवालात कसा नोंदवायचा, ते डायकॉम समितीने या बातमीच्या आधीच मंजूर करून ठेवले होते. पण मंजूर मजकूर कोणाच्या रुग्णाचे रक्षण करत नाही. यंत्रात तो यावा लागतो, रुग्णालयाने तो साठवावा लागतो, आणि साठवलेला कोणीतरी पाहावा लागतो. पुढे कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये किरणोत्सर्ग नोंदवण्याची सक्ती करणारा कायदा केला, तो जुलै २०१२ पासून लागू झाला. कायद्याने नोंद करा म्हटले. ती नोंद यंत्रातून कोणत्या रूपात बाहेर काढायची याचे उत्तर तयारच होते. संथ कोण होते, हे यावरून ठरवावे.

तिसरा आक्षेप आपल्या दाराशी येतो. २०१९ मध्ये ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन संस्थेने इंटरनेटवर उघड्या पडलेल्या वैद्यकीय प्रतिमांच्या साठ्यांचा शोध घेतला. पहिल्या अहवालात ५२ देशांतले ५९० साठे आणि दोन कोटी चाळीस लाखांवर रुग्णनोंदी विनासंकेत वाचता येत होत्या. नंतरच्या अहवालात भारतातल्या प्रतिमांचा आकडा १२ कोटींच्या वर होता, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. नाव, जन्मतारीख, तपासणी, डॉक्टर, सगळे उघडे. २०१९ मध्येच हेही दिसून आले की फाइलच्या आरंभीच्या त्या १२८ मोकळ्या बाइट्समध्ये घातक प्रोग्रॅम दडवता येतो. ती जागा समितीने उदारपणे मोकळी ठेवली होती, दुसऱ्या पद्धतीच्या फाइली वाचणाऱ्या प्रोग्रॅमलाही प्रतिमा उघडता यावी म्हणून. मग मानकच असुरक्षित आहे, असे म्हणायचे का? सुरक्षित, सांकेतिक संवादाचे तपशील मानकाच्या पंधराव्या खंडात कितीतरी आधीपासून आहेत. पण ते ऐच्छिक आहेत. इथे समितीच्या बंधनांची दुसरी बाजू दिसते. तपासनीस व्हायचे नाही असे ठरवल्यामुळे ती कोणाही रुग्णालयाचा सर्व्हर तपासत नाही, कोणत्याही यंत्राला प्रमाणपत्र देत नाही. कंपनी स्वतःच एक कन्फॉर्मन्स स्टेटमेंट लिहून देते: आमचे यंत्र मानकातले एवढे पाळते, एवढे पाळत नाही. रुग्णालयाने ते वाचावे अशी अपेक्षा. आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये ते कोण वाचतो? सर्व्हर बसवणारा स्थानिक मुलगा दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून दार उघडे ठेवून जातो आणि ते तसेच राहते. दोषाचा मोठा वाटा त्या उघड्या दाराचा आहे. तरीही सुरक्षित मार्ग ऐच्छिक ठेवताना समितीचा माणसांच्या आळसाचा अंदाज चुकला, असे माझे मत आहे. तो मार्ग नेहमीचा आणि उघडा मार्ग अपवादाचा, अशी रचना तिला जुने न मोडताही करता आली असती.

मग हे सगळे सरकारकडेच का सोपवू नये, असा प्रश्न साहजिक येतो. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. त्यांत प्रतिमांसाठी डायकॉमच सांगितले आहे. म्हणजे सरकारने वेगळे मानक न लिहिता तयार मानकाचे नाव घेतले, आणि ते योग्यच केले. सरकारचा हुकूम यंत्र विकणाऱ्याला नियम पाळायला लावू शकतो. पण एका कंपनीचा अभियंता दुसऱ्या कंपनीच्या मसुद्यातली चूक ज्या तळमळीने शोधतो, ती तळमळ हुकुमाने येत नाही. शिवाय मानक कोणालाही फुकट उतरवून घेता येते आणि वापरायला परवाना लागत नाही. अनेक आंतरराष्ट्रीय मानके वाचायलाच पैसे पडतात, हे लक्षात घेतले तर या फुकटपणाचे मोल कळेल. आपल्या देशातल्या लहान कंपन्या आणि विद्यार्थी हेच मानक वाचून प्रतिमा उघडणारे प्रोग्रॅम लिहू शकतात, ते त्यामुळे.

पण फुकट मिळणे आणि टेबलाशी असणे यांत फरक आहे, आणि तो एका लहान गोष्टीत स्वच्छ दिसतो. मानकात रुग्णाच्या नावाचे पाच भाग आहेत: आडनाव, स्वतःचे नाव, मधले नाव, आधी लागणारी पदवी, नंतर लागणारी. आडनाव, नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव ही आपली रीत त्यात योगायोगाने बसून जाते; एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या तमिळ माणसाची पंचाईत होते. जपानी नावात वेगळाच पेच होता. तीच चित्राक्षरे दोन माणसे दोन तऱ्हेने उच्चारतात. जपानी उद्योगांचे प्रतिनिधी समितीच्या कामात होते, त्यांनी तो पेच मांडला, आणि नावाचे तीन समांतर गट करण्याची सोय झाली: रोमन अक्षरांत, चित्राक्षरांत आणि उच्चारानुसार. लिपींच्या यादीत ग्रीक, अरबी, हिब्रू, सिरिलिक, थाई, कोरियन, चिनी यांचे स्वतंत्र संच आहेत. भारतीय लिपींचा एकही नाही. भारतीय मानक ब्यूरोने आपल्या लिपींसाठी १९९१ मध्येच संच जाहीर केला होता, पण डायकॉमच्या यादीत त्याचा माग लागत नाही. पुढे सर्व लिपी सामावून घेणारी यूटीएफ-८ ही पद्धत आली आणि देवनागरीत नाव लिहिण्याची वाट मानकाने मोकळी केली. तरी आपल्याकडे नाव रोमन लिपीतच टंकले जाते. ‘वाघ’मधला ‘व’ एका केंद्रात व्ही होतो, दुसऱ्यात डब्ल्यू. एका बाईंच्या तपासण्या दोन बायकांच्या नावे नोंदल्या जातात, आणि आठ वर्षांपूर्वीची ती मोलाची प्रतिमा साठ्यात असूनही सापडत नाही.

याचा दोष समितीवर टाकणे सोपे आहे, पण तो टिकणार नाही. तिचे दार बंद नाही. मसुदे टिपणीसाठी खुले असतात, आणि मानकातली चूक किंवा उणीव दाखवणारा प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो; त्यासाठी कंपनी किंवा पदवी लागत नाही. अडचण खर्चाची आणि सवयीची आहे. सहाव्या कार्यगटाच्या बैठका आठवडाभर चालतात, आणि वर्षातून अनेकदा. बिनपगारी काम करायलाही कोणीतरी पगार द्यावा लागतो, हे या पद्धतीतले अप्रिय सत्य आहे. जपानच्या उद्योगांनी तो दिला. आपल्याकडे रेडिऑलॉजिस्टांच्या संघटना आहेत, त्यांच्या परिषदा भरतात, त्यांत शोधनिबंध वाचले जातात. एखाद्या तरुण डॉक्टरला किंवा तंत्रज्ञाला दोन वर्षे एका कार्यगटात बसवण्याचा खर्च अशा परिषदेच्या एका मेजवानीहून जास्त नसावा. तोवर निदान खरेदीच्या वेळी काही करता येण्यासारखे आहे. सरकारी रुग्णालयाच्या निविदेत ‘यंत्र डायकॉम-अनुरूप असावे’ एवढे वाक्य आपण लिहितो, आणि त्या वाक्याला प्रत्येक कंपनी बिनदिक्कत हो म्हणते, कारण ते कोणत्याही यंत्राबाबत थोडेबहुत खरे असतेच. त्याऐवजी निविदेसोबत कन्फॉर्मन्स स्टेटमेंट मागावे आणि त्यातले चार मुद्दे आधीच नमूद करावेत: यूटीएफ-८मध्ये नाव स्वीकारते का, किरणोत्सर्गाचा अहवाल यंत्राबाहेर देते का, एमआरआयची विस्तृत रचना देते का, आणि सुरक्षित संवाद मुळातच चालू करून मिळतो का. कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या भांडार विभागाला हे पुढच्याच खरेदीत करता येईल.